शब्द खरा, बोध खोटा

जे घडले नाही ते घडले असे सांगणे हे असत्य होय, याविषयी वाद नाही. परंतु प्रत्येक शब्द खरा ठेवूनही ऐकणाऱ्यास खोट्या समजुतीत लोटले, तर त्या भाषणास काय म्हणावे? हा प्रश्न केवळ तार्किकांचा नव्हे. तो बाजारात आणि सोयरिकीच्या बैठकीतही नित्य उभा राहतो.

किराणा दुकानातील तेलाची पिशवी घ्यावी. शेंगदाण्याच्या वा करडईच्या तेलावर ‘कोलेस्टेरॉलमुक्त’ असे ठळक छापलेले आढळते. विधान खोटे नाही. कोलेस्टेरॉल हा मुख्यतः प्राणिज पदार्थांतील घटक. वनस्पतींच्या तेलात तो जवळजवळ नसतोच. म्हणजे शेजारच्या पिशवीतही तो नाही आणि घाण्यावरील सुट्या तेलातही नाही. गिऱ्हाईक मात्र असे समजते की, याच तेलातून तो काढून टाकला आहे; आणि चार पैसे अधिक मोजते. छापणाऱ्यास हे ठाऊक नसते काय? ठाऊक असते, म्हणूनच तर ते छापले जाते.

पातंजल योगसूत्रांच्या साधनपादात (2.30) यमांमध्ये सत्याची गणना आहे. त्यावरील व्यासभाष्य सत्याचे लक्षण करताना शब्दापाशी थांबत नाही. आपल्या मनातील बोध दुसऱ्याच्या मनात पोचावा, यासाठी वाणी आहे; ती वंचना करणारी, भ्रम उपजविणारी वा बोधशून्य नसेल तरच ते सत्य, असा भाष्याचा आशय आहे. वाचस्पतिमिश्र तेथे द्रोणाचार्यांचा प्रसंग उदाहरणादाखल घेतात. धर्मराजाच्या मनात हत्ती होता. द्रोणांच्या मनात पुत्र उतरला. (श्रीकृष्ण चक्रवर्तींनी तसे का बोलविले, हा लीलेच्या विचाराचा निराळा विषय आहे, येथे प्रश्न बोलणाऱ्या जिवाच्या मनापुरताच आहे.) तेलाच्या पिशवीवरील शब्दाची जात हीच.

यावर व्यापारी म्हणेल की, स्तुती केल्यावाचून माल खपावा कसा? आक्षेप वाजवी आहे. कलिंगडवाला ‘साखरेसारखे गोड’ म्हणून ओरडतो, तेव्हा कोणी साखर शोधीत नाही. तो एक फोड कापून हातावर ठेवतो; पटले तर घ्यावे. तेथे मन वळविणे आहे, वंचना नाही.

शासनालाही हा भेद करावा लागला. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखालील केंद्रीय प्राधिकरणाने 2022 मध्ये जाहिरातींविषयी निर्देश काढले. त्यांनुसार खुलासा मूळ दाव्याच्याच भाषेत व त्याच टंकात असावा लागतो, आणि दिशाभूल करणारा दावा खुलाशाने सावरता येत नाही. पण या निर्देशांचा हात जाहिरातींपर्यंतच पोचतो.

सोयरिकीत मुलाचा पिता सांगतो, ‘मुलगा मोठ्या कंपनीत आहे.’ आहेच, मात्र सहा महिन्यांच्या कंत्राटावर. हे तो सांगत नाही, आणि भाष्याचाच आधार घेतो: ज्या बोलण्याने प्राण्यांचा घात होतो ते सत्य नव्हे, असे तेथे म्हटले आहे ना? मग जुळणारे लग्न मोडावे कशाला? भाष्यातील हे वचन खरे आहे. वाटमाऱ्यांना वाटसरूंची वाट दाखविणे हे सत्य नव्हेच. परंतु तेथे मौनाचा लाभ वाटसरूला मिळतो, बोलणाऱ्याला नव्हे. येथे लाभ मौन धरणाऱ्याच्या घरी आणि हानी समोरच्या घरी जाते. तो अपवाद या पित्यास उसना मिळू शकत नाही.

पुढे गोष्ट उघडकीस येते. तेव्हा तो म्हणतो, ‘विचारले असते तर सांगितले असते.’ व्याह्याने कोणता प्रश्न विचारावयास हवा होता, हे बैठकीच्या दिवशी एकट्या त्यालाच ठाऊक होते.