चाळीस बादल्या

आजच्या मननाला घाई नको. खुर्चीत बसा, चटईवर बसा, भिंतीला टेकून बसा. डोळे मिटायचे की उघडे ठेवायचे हे तुमचं तुम्ही ठरवा. सोळाव्या शतकात संत इग्नाती लोयोला यांनी मननाची एक रीत घालून दिली. तिच्यात आधी जागा पाहायची असते. बेथलेहेमची वाट लांब आहे की जवळची, सपाट की चढणीची, गुहा केवढी, तिचं छत किती खाली, हे सगळं मनात नीट पाहून झालं की मग माणसांकडे वळायचं. आपण तीच रीत उसनी घेऊ. फक्त बेथलेहेमच्या जागी वसईतलं एक घर पाहू आणि त्या घरातली पंधरा वर्षांची मुलगी. तिला नाव तुम्हीच द्या.

गाव निर्मळ, गिरीज, भुईगाव, कुठलंही चालेल. रस्ता अरुंद आहे. समोरासमोर दोन रिक्षा आल्या की एकीला केळीच्या वाडीच्या कुंपणाला घासून उभं राहावं लागतं. आळीच्या तोंडाशी क्रूस आहे, त्याच्या पायथ्याशी कालच्या मेणबत्त्यांचं मेण. जुलै महिना आहे, गुरुवार आहे, पाऊस रात्रभर पडून आता दमलाय. घरापुढे ओटा, मागे विहीर, चार-दोन सोनचाफ्याची झाडं. आत हॉलमध्ये भिंतीवर छोटा अल्तार, त्यावर लाल बल्ब, जो वीज असेपर्यंत कधीच विझत नाही. त्याच्या पुढे स्वयंपाकघर. तिथल्या टेबलाच्या एका टोकाला निवडायची भाजी आहे आणि दुसऱ्या टोकाला गणिताचं पुस्तक. पुस्तकासमोर ती बसलीय.

ही तिची शाळा.

इथे थोडं थांबा, कारण मनात प्रश्न आलाच असेल. कॅथलिकांच्या घरची मुलगी आणि शाळेत जात नाही? ज्या चर्चच्या शाळेत प्रवेश मिळावा म्हणून मुंबई-ठाण्यातले आईबाप वशिला शोधत फिरतात, त्या चर्चच्या अंगणात वाढलेली ही मुलगी, आणि चर्चशेजारच्या शाळेची घंटा हिला घरबसल्या ऐकू येते. कारणं प्रत्येक घराची वेगळी. कुठे मुलाचं वर्गात काहीतरी बिनसलेलं असतं, कुठे आईबापांना शिक्षण आणि श्रद्धा वेगवेगळ्या खणांत ठेवणं पटत नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं १९६५ साली शिक्षणावर जो जाहीरनामा काढला त्यात आईवडील हेच मुलांचे पहिले आणि मुख्य शिक्षक असल्याचं म्हटलंय. बहुतेक आईवडील त्यावर मान डोलावतात आणि जूनमध्ये गणवेश शिवायला टाकतात. या घरानं ते वाक्य जरा जास्तच मनावर घेतलं, एवढंच. तिचं नाव राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेत घातलंय. दहावीला पाच विषय पुरतात, परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर, आणि सगळे विषय एका दमात द्यावे लागत नाहीत. तेव्हा कागदोपत्री काळजी नाही. आपणही ती सोडून देऊ.

आता तिच्याकडे पाहा. वर्गसमीकरण अडलंय. आई कांदा चिरता चिरता वहीकडे नजर टाकते आणि म्हणते, "चिन्ह बघ." ती चिन्ह बघते. चूक सापडत नाही. आई पुन्हा म्हणते, "अगं, चिन्ह." आवाजाला किंचित धार आलेली असते. शाळेत बाई रागावल्या तर तो राग शाळा सुटली की तिथेच राहतो, पोरं रस्त्यात त्यांची नक्कल करून मोकळी होतात. इथे अकरा वाजता समीकरणावरून रागावलेली बाईच एक वाजता तांदळाची भाकरी वाढते. आणि अकराचा राग एकपर्यंत गेला की नाही, हे भाकरी ताटात कशी पडते त्यावरून ओळखायला ही मुलगी कधीच शिकलीय. त्याचे गुण कुठल्या बोर्डात मिळत नाहीत.

तिच्या जागी क्षणभर बसून बघा. टेबलाला ओल आलीय, वहीचं पान मनगटाला चिकटतंय. हॉलमध्ये आजी पुटपुटतेय. खिडकीतून विहीर दिसते. तुम्ही जिथे बसलात तिथे घरातला कोणीही, कधीही येऊ शकतो. कोणी वाईट नाही. कोणी पाळत ठेवत नाही. तरी दिवसभरात असं एक मिनिट शोधा, ज्या मिनिटाला तुम्हाला कोणी पाहत नाही.

दुपारी शाळा सुटते. रस्त्यावरून पोरं जातात, छत्र्या उलट्या करून, दप्तरं पोटावर घेऊन. ती ओट्यावर येऊन उभी राहते. तिला हेवा वाटतो का? वर्गाचा नाही, पन्नास मुलांच्या घामट वर्गाचा हेवा कोण करेल. पण ती पोरं घरी येतायत. दप्तर भिरकावून "आई, भूक" म्हणून ओरडायचा हक्क कमावून येतायत. जी सकाळपासून घरीच आहे ती घरी येणार कशी? मला विचाराल तर घरी शिकणाऱ्या मुलांचं खरं नुकसान असेल तर ते इथे आहे.

लोक मात्र भलतंच विचारतात. लग्नात, बाराव्याला, दवाखान्यात एकच चौकशी: "हिला मैत्रिणी कशा मिळणार?" अहो, वसईच्या पॅरिशमध्ये माणसांची टंचाई कधी होती? रविवारी मिस्साआधी गायनवृंदाचा सराव, नंतर धर्मशिक्षणाचा वर्ग, मग युवा संघाची बैठक जिच्यात अर्धा तास नाताळच्या नाटकावर आणि दीड तास वडापावावर जातो. आळीत कोणी गेलं तर सात दिवस प्रार्थनेला जायचं. मे महिन्यात क्रुसापाशी रोजरी. चुलतभाऊ, मावसबहिणी, धर्मपिता, धर्ममाता. तिला माणसं पुरून उरतात. तिला कमी पडतो तो एकांत. आणि पंधराव्या वर्षी एकांत अन्नाइतका लागतो.

या ठिकाणी आणखी एका मुलीला मनात बोलवा. फ्रान्समधलं लिझ्यू, साल १८८६, वय तेरा. हिचा फोटो वसईत घरोघरी असतो, हातात क्रूस आणि गुलाब धरलेला: बाळ येशूची संत तेरेजा. साडेआठ वर्षांची असल्यापासून ती तिथल्या बेनेडिक्टाइन सिस्टरांच्या शाळेत गेली, पाच वर्षं काढली आणि त्यात फारशी रमली नाही. शेवटी डोकेदुखी आणि मनाला लागलेली टोचणी यांमुळे वडिलांनी तिला काढून घेतलं. मग आठवड्यातून काही वेळा ती एका बाईंच्या घरी शिकवणीला जाऊ लागली. बाई, त्यांची म्हातारी आई आणि मांजर, असं ते बिऱ्हाड. मांजर वहीवर येऊन बसायचं आणि वर त्याच्या रूपाचं कौतुकही करावं लागायचं. पाहुणे यायचे, ही सुंदर मुलगी कोण म्हणून हळूच विचारायचे, आणि पुस्तकात डोकं घातलेल्या तेरेजाला ते सगळं ऐकू यायचं. मनातून छान वाटायचं, हेही तिनं पुढे लिहून ठेवलंय. संतांच्या चरित्रात मांजर आणि कौतुकाची हाव दोन्ही सापडली की मला त्या चरित्रावर जास्त विश्वास बसतो.

पण आपल्याला हवी ती गोष्ट त्याआधीची, शाळेच्या दिवसांतली. सुट्टीच्या दिवशी काय करतेस, असं एका सिस्टरनं तिला विचारलं. तेरेजानं सांगितलं: माझ्या पलंगामागे थोडी मोकळी जागा आहे, पडदा ओढला की ती बंद होते, तिथे मी जाते. आणि तिथे काय करतेस? विचार करते. कसला? देवाचा, आयुष्याचा, अनंतकाळाचा. उगाच विचार करते. सिस्टर हसल्या. नंतर कधीमधी चिडवायच्याही, अजून विचार करतेस का म्हणून. शाळेत जेमतेम पाच वर्षं काढलेल्या या मुलीला १९९७ साली चर्चनं धर्माचार्य ठरवलं, हे त्या सिस्टरांना कुठून माहीत असणार!

पलंगामागची जागा. पडदा. ती जागा मनात ठेवून वसईच्या घरात परत या.

संध्याकाळचे साडेसात. पाऊस पुन्हा धरलाय. पप्पा लोकलच्या गर्दीतून येऊन आंघोळ करून आलेत, आजीनं गुडघ्याखाली उशी घेतलीय, आईनं गॅस बारीक केलाय. अल्तारासमोर सगळे बसतात. गुरुवार म्हणजे प्रकाशाची रहस्ये. जॉन पॉल दुसरे यांनी २००२ साली जपमाळेत घातलेली ही पाच रहस्ये आजीला अजून नवीनच वाटतात. पहिलं, यार्देन नदीवरचा बाप्तिस्मा, बिनबोभाट पार पडतं. दुसरं म्हणजे काना गावचं लग्न. आज हे रहस्य तिच्याकडे आहे. नमो मरियेचा पहिला अर्धा भाग तिनं म्हणायचा, उरलेला सगळ्यांनी.

पहिला मणी. दुसरा मणी. बोटं चाललीत, आवाज चाललाय. आणि आता सावकाश तिच्या मनात उतरा, कारण पडदा ओढला गेलाय.

लग्नात द्राक्षारस संपलाय. दारात सहा दगडी रांजण आहेत आणि येशू म्हणतो, भरा. कोणी भरले? तिला लग्न दिसतच नाही, तिला रांजण दिसतात. एकेक रांजण किती लिटरचा असेल? धर्मशिक्षणाच्या वर्गात फादर म्हणाले होते, ऐंशी ते सव्वाशे. हिशेबाला शंभर धरू. सहा रांजण, सहाशे लिटर. गेल्या मे महिन्यात पंप जळाला तेव्हा तिनं आणि पप्पांनी विहिरीतून बादल्यांनी केळीला पाणी घातलं होतं. पंधरा लिटरची निळी बादली, तळहाताला दोर काचायचा. सहाशे भागिले पंधरा. चाळीस. चाळीस बादल्या! कोणीतरी चाळीस वेळा विहिरीवर गेलं असणार. बाहेर वाजंत्री चाललेली, नवरा-नवरी बसलेली, आणि मागच्या दाराशी नोकरांची ही ये-जा. आपण पाणी का भरतोय हे त्यांना कोणी सांगितलेलं नाही. लग्नात सगळे द्राक्षारस प्यायले, भोजनकारभाऱ्यालाही तो कुठून आला ते कळलं नाही. पाणी भरणाऱ्यांना कळलं होतं. शुभवर्तमानात तसं लिहिलंय आणि लहानपणापासून तिनं ते ऐकलंय, पण चाळीस हा आकडा काढेपर्यंत ते तिच्यापाशी आलं नव्हतं.

इथे तुम्हीही थांबा, लागेल तेवढा वेळ. हवं तर त्या चाळिसांतली एक बादली उचला. दोर कुठे काचतो, पाणी कुठे सांडतं, मागून कोण "लवकर" म्हणतं, ते पाहा. तेरेजानं स्वतः लिहिलंय की जपमाळ म्हणणं तिला फार जड जायचं, रहस्यांवर चित्त ठरायचं नाही, आणि त्याचं तिला कितीतरी दिवस वाईट वाटायचं. तेव्हा भरकटलात तर ओशाळू नका.

"अगं, बास," आई हळूच कोपरखळी मारते. "अकरा झाल्या. मी मोजतेय."

ती दचकून थांबते. पप्पांच्या मिशीत हसू येतं. आजी डोळे न उघडता तिसरं रहस्य सुरू करते. लक्ष कुठे होतं असं आईनं विचारलं असतं, तर ती म्हणाली असती, इथेच. आणि ते खोटं नसतं. पण चाळीस हा आकडा ती कोणाला सांगणार नाही. आज तरी नाही.

जेवायला सुके बोंबील आहेत, पावसाळ्यात ताजी मासळी कुठली. पप्पा परीक्षेच्या फॉर्मचा विषय काढतात, गणित या ऑक्टोबरला द्यायचं की पुढच्या एप्रिलला? आई म्हणते, एप्रिल, सकाळचं समीकरण बघितलंय मी. पप्पा म्हणतात, एक विषय हातावेगळा झालेला बरा. दोघंही तिच्याकडे बघतात.

"मला विचार करू दे," ती म्हणते आणि बोंबलाचा वाडगा स्वतःकडे ओढते.