भेट आणि परतभेट

जावईबापूंनी अटलांटाला डेल्टा कंपनीच्या विमानसंग्रहालयात नेलं. तिथे हँगरात एक अख्खं बोइंग ७६७ उभं आहे, 'स्पिरिट ऑफ डेल्टा'. मंदीच्या दिवसांतही कंपनीने पगार वाढवले, म्हणून १९८२ साली तीन हवाईसुंदरींनी पुढाकार घेतला आणि नोकरमंडळींनी पगारातून तीन कोटी डॉलर कापून देऊन हे विमान कंपनीला भेट दिलं.

मालकाला विमान! आमच्या कचेरीत साहेबांच्या निरोपसमारंभाची वर्गणी निघाली की अर्धा विभाग चहाला पसार व्हायचा.

"वेडी माणसं!" मी म्हणालो.

"प्रेमळ म्हणा," सौ. म्हणाली.

अहो, पण प्रेम कुणावर? कंपनीला काळीज नसतं, ताळेबंद असतो. २००५ साली तिने दिवाळखोरीचा अर्ज केला, २००६ साली वैमानिकांची पेन्शन योजना गुंडाळली गेली. त्याच वर्षी हे विमानही निवृत्त झालं. त्याची बडदास्त मात्र चोख आहे. मग भेट वाया गेली म्हणायची? देणाऱ्यांनी परतफेडीची अट घातलीच नव्हती, तर हिशेब मागणारा मी कोण? अर्थात हे मी म्हणतो, कारण माझी पेन्शन एक तारखेला येते. ज्यांची गुंडाळली त्यांच्यासमोर म्हणायची माझी छाती नाही.

मी हे बोलेपर्यंत सौ. विमानात शिरलीसुद्धा होती.