मधले नाव

आपल्याकडे माणसाचे नाव एकटे उभे राहत नाही, त्याला बापाच्या नावाचा टेकू लागतो. शाळेच्या हजेरीपटावर मी वर्षानुवर्षे नावे लिहीत आलो आहे. आधी मुलाचे नाव, मग बापाचे, मग आडनाव. हात सवयीने चालतो. पण कधी कधी मनात येते, की या मधल्या नावाने मुलाला नेमके काय दिलेले असते? घर, शेत, कर्ज, नाकाची ठेवण, तापट स्वभाव या गोष्टी तर न मागताच पदरात पडतात. पण मुलाने जे पारखून, कष्टाने घ्यावे, असे काही बापापाशी असते का? आणि त्याने ते घेतले, हे ओळखायचे कशावरून?

हा प्रश्न मनात आला की मला दोन नावे आठवतात. एक धर्मानंद दामोदर कोसंबी आणि दुसरे दामोदर धर्मानंद कोसंबी. आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याच्या आपल्या रीतीमुळे एकाचे पहिले नाव ते दुसऱ्याचे मधले झाले आहे. बाप थोर आणि मुलगाही थोर, अशी जोडी कोणत्याही समाजात विरळाच. त्यात हे दोघे थोर झाले ते दोन निरनिराळ्या वाटांनी.

धर्मानंदांचा जन्म १८७६ साली गोव्यातल्या साखवाळचा. शाळेचे शिक्षण अगदी जुजबी, आणि कामे कुळागरातली. ‘बालबोधमेवा’ नावाच्या मुलांच्या मासिकात त्यांनी बुद्धाचे चरित्र वाचले आणि त्या एका वाचनाने त्यांना वेड लावले. बुद्धाची शिकवण मुळातून शिकायची, म्हणून १८९९ च्या अखेरीस ते घर सोडून निघाले. पुणे, काशी, नेपाळ, सिंहलद्वीप, ब्रह्मदेश असा तो प्रवास. काशीत अन्नछत्रात जेवून ते संस्कृत शिकले आणि १९०२ साली सिंहलद्वीपात त्यांनी दीक्षा घेतली. पुढे कलकत्ता विद्यापीठातील नोकरी सोडून, सयाजीराव महाराजांनी देऊ केलेल्या महिना पन्नास रुपयांवर महाराष्ट्रात काम करणे त्यांनी पसंत केले. ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथाच्या संपादनासाठी ते अमेरिकेत हार्वर्डला गेले, फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवू लागले, आणि १९३० साली मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगातही गेले. कॉलेजची पायरी न चढलेल्या माझ्यासारख्या मास्तराला त्यांच्याविषयी विशेष ममता वाटते, ती का हे निराळे सांगायला नको.

दामोदर १९०७ सालचे. १९१८ मध्ये धर्मानंद दुसऱ्यांदा अमेरिकेला गेले, तेव्हा थोरली माणिक आणि अकरा वर्षांचा दामोदर यांना त्यांनी बरोबर नेले. चार वर्षांनी बाप परतला, मुलगा शाळेसाठी मागे राहिला. पुढे तो हार्वर्डचा पदवीधर झाला, गणिती झाला. ज्या फर्ग्युसनमध्ये बापाने पाली शिकवली, तिथेच मुलाने गणित शिकवले. त्यानंतर मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था, आणि पुण्याहून डेक्कन क्वीनने रोजची येजा. पण मन एवढ्यावर भागेना. रसायनशाळेतल्या तराजूत त्यांनी प्राचीन नाणी तोलली. हाताळून हाताळून झिजलेल्या धातूच्या वजनावरून त्या नाण्यांचा काळाचा क्रम लावला. भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती १९४८ साली सिद्ध केली. १९५६ साली भारतीय इतिहासाच्या अभ्यासावर जो ग्रंथ लिहिला, त्याने इतिहास वाचण्याची रीतच पालटली.

आता यात बापाचे काय आले? बाप बुद्धाच्या मार्गावरचा, गांधींच्या सत्याग्रहात उतरलेला. मुलगा मार्क्सच्या विचाराने चालणारा. बापाला माणसाच्या चित्तशुद्धीची ओढ, तर मुलाचे लक्ष नांगर, बैल, व्यापारी तांडे, धान्याचा साठा यांच्याकडे. यज्ञात गुरे मारणे शेती करणाऱ्या समाजाला परवडेनासे झाले होते, आणि बुद्धाची शिकवण लोकांनी उचलून धरली तिच्या मागे हे एक कारण होते, असे मुलगा म्हणणार. ‘खाण तशी माती’ म्हणणाऱ्यांनी हे पाहून मान हलवावी. खाण एक आणि माती भलतीच!

पण जरा खणून पाहावे. धर्मानंदांनी ‘भगवान बुद्ध’ हा ग्रंथ १९४०-४१ साली मराठीत लिहिला. रथातून जाताना म्हातारा, रोगी, प्रेत आणि संन्यासी दिसले म्हणून राजपुत्राने घर सोडले, ही कथा आपण सारे लहानपणापासून ऐकत आलो. धर्मानंदांनी ती बाजूला ठेवली. जुने पाली ग्रंथ एकमेकांशी ताडून पाहिले आणि सांगितले, की शाक्य आणि कोलिय यांच्यात रोहिणी नदीच्या पाण्यावरून जी भांडणे होत, त्यांत गृहत्यागाचे खरे कारण शोधावे. ज्या बुद्धासाठी या माणसाने आयुष्य वेचले, त्याच्या चरित्रातली सर्वांत गोड दंतकथाही पुरावा नाही म्हणून त्याने सोडून दिली. नदीचे पाणी, भांडण, शस्त्र! मुलाच्या ग्रंथात शोभेल असे हे कारण बापानेच आधी लिहून ठेवले होते.

तेव्हा मुलाने घेतले ते बापाचे मत नव्हे, बापाची सचोटी घेतली. आवडत्या गोष्टीलाही पुरावा मागायचा, आणि पुरावा मिळेपर्यंत पाय झिजवायचे. मतांचा वारसा सोपा असतो. तो पाठ करता येतो. सचोटीचा वारसा घेणाऱ्याला कधी कधी बापाचेच मत टाकावे लागते. बापाच्या हो ला हो म्हणणारा मुलगा बापाजवळचा, असे आपण समजतो. मला वाटते, बापाने ज्या कसोटीवर स्वतःला घासले, त्याच कसोटीवर बापाचे बोलणेही घासून पाहणारा मुलगा अधिक जवळचा. योगायोग पाहा: हार्वर्डच्या प्राच्यग्रंथमालेतला एकेचाळिसावा ग्रंथ बापाने हात लावलेला ‘विसुद्धिमग्ग’, तो १९५० साली निघाला. बेचाळिसावा ‘सुभाषितरत्नकोश’, तो १९५७ साली मुलाने वा. वि. गोखल्यांसह संपादिला. मूळ संग्राहक विद्याकर, तोही एक बौद्ध पंडितच!

इथवर सारे दिवाळीच्या फराळासारखे गोड झाले. पण ताटात एक कडू घास आहे, तो वगळून उठणे मला बरे वाटत नाही. १८९९ साली धर्मानंद घराबाहेर पडले, तेव्हा मागे पत्नी बाळाबाई होत्या आणि माणिक तान्ही होती. ते परतले १९०६ साली. त्या सात वर्षांचा हिशेब कोणत्या ग्रंथमालेत लिहायचा? फळ गोड लागले म्हणून झाड लावताना कोणाचे अंगण खणले, हे विसरून चालेल का?

पुष्कळांचे उत्तर असे, की थोर कार्यापुढे एका संसाराची काय कथा! हे उत्तर मला पटत नाही. किंमत देणारा आणि फळ घेणारा एकच असेल, तर त्याला त्याग म्हणावे. इथे किंमत एकीने दिली आणि फळ साऱ्या समाजाने घेतले. ते समाजावरचे ऋण झाले, आणि ऋण मोठे आहे म्हणून ते फिटत नाही. उलट, धर्मानंदांना दोषी ठरवून मोकळे होणेही मला जमत नाही. कारण ते परतले, संसार पुन्हा मांडला, आणि पुढच्या प्रवासात मुलाबरोबर मुलीलाही शिकायला नेले. त्याच ‘भगवान बुद्ध’मध्ये त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवून दिली आहे. बोधिसत्त्व मध्यरात्री, सारे झोपले असता निघून गेला, ही कथाही जुन्या सुत्ताशी जुळत नाही. आईबाप डोळ्यांसमोर रडत असताना त्याने घर सोडले, असे ते सुत्त सांगते. कादंबरीकार या नात्याने मला इथे धर्मानंदांच्या मनातला एखादा प्रसंग रचता येईल. पण खऱ्या माणसांच्या बाबतीत तो मोह आवरावा. एवढेच म्हणतो, की मागे राहणाऱ्यांच्या डोळ्यांतले पाणी त्यांनी कथेतून पुसून टाकू दिले नाही.

जून १९४७ मध्ये धर्मानंदांनी सेवाग्रामला अन्न वर्ज्य करून शांतपणे देह ठेवला. दामोदर जून १९६६ मध्ये पुण्यास गेले. बापाची पुस्तके पुढच्या वाचकांपर्यंत नेण्याचे काम दामोदरांच्या कन्या मीरा कोसंबी यांनी केले, म्हणजे तिसऱ्या पिढीत हा वारसा एका मुलीने सांभाळला.

दामोदरांचे एक सूत्र १९४४ सालचे आहे आणि आनुवंशिकीच्या अभ्यासात ते आजही त्यांच्याच नावाने चालते. गुणसूत्रावर दोन जनुकांमध्ये अंतर किती, हे त्यावरून काढता येते. बापाकडून मुलाकडे रक्तातून काय येते, याचे असे मोजमाप होऊ शकते. सचोटी किती आली, हे मोजायला मात्र सूत्र नाही. ते ज्याने त्याने आपल्या वागण्याने सिद्ध करावे लागते.

१ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात महाराष्ट्र शासनाने बापाच्या नावाआधी आईचे नाव लिहायला लावले आहे. कोणाला हा कागदावरचा फेरफार वाटेल. मला तो फार दिवस राहिलेल्या देण्याचा पहिला हप्ता वाटतो. यंदा पाडव्याला बापलेकांच्या गोष्टी घरोघर निघतील, तेव्हा ती दोन नावे जरूर सांगावीत. पण दुसरे एकदा असेही म्हणून पाहावे: दामोदर बाळाबाई धर्मानंद कोसंबी. नाव थोडे लांबते खरे, पण हिशेब पुरा होतो.