विराम हिरावलेला पडदा

भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायात विषयांच्या चिंतनातून आसक्ती, आसक्तीतून काम आणि अडलेल्या कामातून क्रोध, अशी साखळी सांगितली आहे. अ‍ॅपच्या नव्या आवृत्तीने सवयीची मांडणी मोडली म्हणजे स्मार्टफोन वापरणाऱ्याची होणारी चिडचीड वरवर पाहता याच साखळीतील एक कडी ठरते. मात्र पडद्यावरचा विषय मुद्दाम आसक्तीसाठी घडवलेला असू शकतो, हा भेद दुर्लक्षून चालणार नाही. २००६ मध्ये अझा रास्किन यांनी अखंड स्क्रोलची, म्हणजे पान न संपता पुढचा मजकूर आपोआप येत राहण्याची, रचना केली आणि पुढे तिच्याबद्दल जाहीर खेदही व्यक्त केला. पान संपणे हा वाचकाच्या हक्काचा विराम होता, आणि नेमका तोच या रचनेने काढून घेतला. पतंजलींनी सांगितलेला प्रत्याहार, म्हणजे इंद्रियांना विषयांपासून मागे घेणे, अशा विरामावाचून फार कठीण होतो, म्हणूनच संयमाचा सगळा भार वापरणाऱ्यावर टाकणे अन्याय्य आहे. २०१८ मध्ये आयफोनवर आलेली ‘स्क्रीन टाइम’ ही सोय वेळ मोजते आणि मर्यादाही घालू देते, परंतु ती मर्यादा ओलांडण्याची वाटही त्याच पडद्यावर, बोटाच्या टप्प्यात, उघडी ठेवते.