गालावरची तीट

बाळाची अंघोळ आटोपते. तेल आणि डाळीचं पीठ लावून अंग चोळून झालेलं असतं. ओवा-वावडिंगाची धुरी दिलेली असते. धुतलेलं झबलं घालून, टोपडं बांधून झालं की आई क्षणभर त्याच्याकडे बघत राहते. बाळ अगदी देखणं दिसत असतं. नेमक्या त्याच वेळी ती काजळाच्या डबीत बोट बुडवते आणि त्या मऊ गालावर एक काळा ठिपका लावते.

तासभर खपून जे सुंदर केलं, त्याला आपल्याच हातानं थोडं उणं करायचं. रोज घडतं म्हणून आपल्याला त्याचं काही वाटत नाही. पण जरा थांबून पाहिलं, तर प्रेम आणि भीती इतक्या जवळ आलेली दुसरीकडे क्वचितच दिसतात. ज्या बोटानं माया केली, तेच बोट भ्यायलंही.

ही तीट कुणाच्या नजरेसाठी? शेजारणीच्या, पाहुण्यांच्या, असं आपण वरवर म्हणतो. जुन्या बायका याहून खोलातलं सांगतात. त्या म्हणतात, सगळ्यात लवकर दृष्ट लागते ती मायेच्या माणसाची. तिन्हीसांजेला मीठ-मोहऱ्या ओवाळताना आल्यागेल्यांची नजर उतरवतात, घरच्यांची उतरवतात आणि आईचीही उतरवतात. दृष्ट लागून कुणी आजारी पडत नाही, हे आज आपल्याला ठाऊक आहे. पण ज्या मनांत ही समजूत रुजली, त्या मनांना एक गोष्ट नीट कळलेली होती. कुणावर जीव जडला की त्याच दारानं भीतीही आत येते.

आणि ती उगाच येत नव्हती. १९५१च्या सुमारास आपल्या देशात जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी सुमारे १४६ बाळं वर्षाचीही होत नसत. त्याआधीच्या पिढ्यांत तर हे प्रमाण आणखी मोठं होतं. जुलाब, धनुर्वात, देवी, साधा वाटणारा ताप, काहीही पुरे होई. ज्या घरात मुलं जगत नसत, तिथे पुढच्या मुलाचं नाव धोंडू ठेवत, दगडू ठेवत. कुठे त्याला क्षणभर केरावर ठेवून उचलत आणि केरू म्हणत. कुठे दुसऱ्याच्या ओटीत घालून भीक म्हणून परत मागून घेत आणि भिकू म्हणत. हे पोर काही मोलाचं नाही, हे दैवाला ऐकू जावं एवढाच त्यातला हेतू.

पण दगडूला ताप चढला, तेव्हा त्याची आई निवांत झोपली असेल का? नाव दगडाचं दिलं, म्हणून माया दगडाची झाली नाही. तो वाचला तेव्हा तिला झालेला आनंद तेवढाच होता. तो गेला असता, तर तिचं रडणं एका आसवानंही कमी झालं नसतं. प्रेम दैवापासून लपवता येईल असं माणसाला वाटलं. दुःखापासून ते कुणालाच लपवता आलं नाही.

काळ बदलला. लसी आल्या, दवाखाने जवळ आले. २०२० साली देशात दर हजार बाळांमागे मृत्यूचं प्रमाण २८वर, महाराष्ट्रात १६वर उतरलं होतं. आज दगडू हे नाव सहसा कुणी ठेवत नाही. माया झाकण्याची सवय मात्र आपल्याकडे राहिली.

एकत्र कुटुंबात वडीलधाऱ्यांसमोर बाप आपल्या मुलाला उचलून घेत नसे. पुतण्याला खांद्यावर बसवी आणि स्वतःच्या मुलाकडे न पाहिल्यासारखं करी. त्याला मर्यादा म्हणत. ती पाळता पाळता कित्येक बापांचं प्रेम मनातच राहून गेलं, आणि कित्येक मुलांना ते बापाच्या माघारी, दुसऱ्यांच्या तोंडून कळलं.

माया झाकणं माणूस फार लहानपणीच शिकू शकतो. मेरी एन्सवर्थ या मानसशास्त्रज्ञ बाईंनी अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात, गेल्या शतकाच्या साठ-सत्तरच्या दशकांत, वर्षभराच्या मुलांचं फार बारकाईनं निरीक्षण केलं होतं. अनोळखी खोलीत आई मुलाला ठेवून काही मिनिटं बाहेर जाई आणि परत येई. बरीच मुलं ती दिसताच तिच्याकडे झेपावत. काही मुलं मात्र तिच्याकडे बघतही नसत. ती खेळण्यांत रमलेली दिसत, शहाणी आणि स्वतंत्र वाटत. पुढे संशोधकांनी अशा मुलांच्या हृदयाचे ठोके मोजले, तेव्हा ते वाढलेले आढळले. त्या मुलांनाही आई हवीच होती. पण जवळ गेलं की दूर सारलं जातं, हे त्यांना इतक्या लहान वयात उमगलं होतं. ती शांत दिसायला शिकली होती.

मोठेपणी आपल्यातले अनेक जण असेच वागतात. एखादं नातं मनात घर करू लागलं की कुणी एकाएकी कामात बुडतं. कुणी प्रत्येक गोष्ट हसण्यावारी नेतं. कुणी समोरच्या माणसात दोष शोधू लागतं, आणि तो सापडला की त्याला सुटल्यासारखं वाटतं. लांबून पाहणाऱ्याला हे माणूस कोरडं वाटतं. त्याच्या छातीवर हात ठेवून कुणी पाहत नाही.

अशा माणसाला नेमकी कशाची भीती वाटते? एक तर गमावण्याची. दुसरी गरजेची. आजवर आपण एकट्यानं निभावलं, उद्या कुणावाचून अडू लागलं तर? तिसरी, आपण आहोत तसे दिसण्याची. जो आपल्यावर प्रेम करतो तो जवळून बघतो, आणि जवळून बघितलं जाणं फार थोड्यांना सोसतं. या तिन्ही भीती खऱ्या आहेत. त्यांना भ्याडपणा म्हणून मोकळं होता येणार नाही. ज्याला एकदा दूर सारलं गेलं, तो दुसऱ्यांदा पुढे होताना अडखळणारच.

आणखी एक भीती आहे, तिला मी शहाणपण म्हणेन. मायेच्याच माणसाची नजर लागते, या म्हणण्यात तिचा धागा आहे. आपलं प्रेम दुसऱ्याला जड होऊ शकतं. बुडेल म्हणून ज्याला नदीवर जाऊ दिलं नाही, तो मुलगा पोहायला शिकत नाही. आपल्या मायेनं कुणाचा श्वास कोंडू नये, एवढं भय प्रेमात असावं. ते हाताची पकड सैल करतं. हात मात्र सोडत नाही.

मला वाटतं, तीट लावणारी आई आणि दोष शोधणारा माणूस यांच्यात फरक आहे तो इथे. काळा ठिपका दोघंही लावतात. दोघंही भ्यालेलीच असतात. पण तीट लावून झाली की आई बाळाला उचलते आणि छातीशी धरते. भीती तिला बाळाच्या अधिक जवळ नेते. दोष शोधणारा ठिपका लावतो आणि दोन पावलं मागे सरतो. तिनं ठिपका बाळासाठी लावलेला असतो, यानं तो स्वतःला वाचवण्यासाठी.

भीती वाटावी की नाही, हे आपल्या हाती नाही. ती वाटल्यावर जवळ जायचं की लांब, एवढंच आपल्या हाती असतं. आपलं माणूस आजारी असताना दाराशीच उभं राहून विचारपूस करायची, की उशाशी बसायचं. मुलगा दूर गावी निघाला की सामानाच्या सूचना देत राहायचं, की त्याच्या पाठीवर हात ठेवून, तू गेल्यावर घर सुनं वाटेल, हे सांगून टाकायचं. या लहान लहान जागीच प्रेमाची परीक्षा होते, आणि तिथेच बहुतेक वेळा आपण मागे हटतो.

भीती अजिबात उरली नाही की मग प्रेम करू, असं म्हणणाऱ्याला तो दिवस कधीच दिसत नाही. ज्याच्याविषयी काहीच वाटत नाही, त्याला गमावण्याचं भय कुणाला वाटलं आहे? म्हणून एखाद्या माणसाच्या विचारानं कधी छातीत धडधडलं, तर तिथून पळू नका. भीती वाटते आहे, याचा अर्थ प्रेम आधीच सुरू झालेलं आहे. आता ते त्या माणसाला कळू द्यायचं, एवढंच काय ते बाकी आहे.