बंदूक 'वापरली' म्हणजे नेमके काय केले?

स्मिथ नावाचा एक अमेरिकन माणूस टेनेसीहून फ्लोरिडात कोकेन विकत घ्यायला गेला. त्याच्याजवळ मॅक-१० जातीची बंदूक होती. फेरफार करून ती आपोआप गोळ्या झाडणारी केलेली होती आणि तिला सायलेन्सरही होता. दोन औंस कोकेनच्या बदल्यात ही बंदूक देतो, असे त्याने समोरच्या माणसाला सांगितले. समोरचा माणूस साध्या वेशातला पोलीस निघाला. बंदूक कोणावर रोखली गेली नाही, तिच्यातून एकही गोळी सुटली नाही. तरीही केवळ या बंदुकीपायी स्मिथच्या शिक्षेत तीस वर्षांची भर पडली.

याचे कारण एक छोटा इंग्रजी शब्द. अंमली पदार्थांच्या गुन्ह्यादरम्यान आणि त्या गुन्ह्याच्या संबंधात जो बंदुकीचा 'यूज' करतो, त्याला जादा शिक्षा द्यावी असे तिथला कायदा सांगत होता. साध्या बंदुकीला पाच वर्षे आणि स्वयंचलित किंवा सायलेन्सरच्या बंदुकीला तीस. सौद्यात मोबदला म्हणून बंदूक पुढे करणे म्हणजे ती वापरणे, असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९३ साली सहा विरुद्ध तीन मतांनी दिला.

बहुमताचे निकालपत्र न्यायमूर्ती सँड्रा डे ओकॉनर यांनी लिहिले. त्यांनी शब्दकोश उघडले. 'यूज' म्हणजे एखादी गोष्ट आपल्या कामी लावणे, असा अर्थ तिथे मिळाला. स्मिथने कोकेन मिळवण्याच्या कामी बंदूक लावली होती, म्हणून त्याने ती वापरली. तर्क सरळ आहे, पण तो पटत नाही. न्यायमूर्ती अँटोनिन स्कालिया यांनी भिन्नमतात नेमके यावरच बोट ठेवले. तुम्ही काठी वापरता का, असे कोणी विचारले तर आजोबांची चांदीच्या मुठीची काठी दिवाणखान्यात शोभेला ठेवली आहे का, असे त्याला विचारायचे नसते. चालताना काठी लागते का, एवढेच त्याला जाणून घ्यायचे असते. साधनाविषयी बोलताना 'वापरणे' हे क्रियापद त्या साधनाचे नेहमीचे काम सोबत घेऊनच येते, आणि बंदुकीचे नेहमीचे काम मारणे किंवा धमकावणे हे आहे.

या युक्तिवादाचे बळ भारतीय वाचकाला चटकन कळावे, कारण आपल्या परंपरेत त्याचे शास्त्र फार पूर्वी तयार झाले आहे. पंकज म्हणजे चिखलात जन्मलेले. चिखलात बेडूकही जन्मतो आणि शेवाळही वाढते, पण पंकज म्हटल्यावर मनात कमळच येते. शब्दाच्या घटकांतून निघणारा तो योगार्थ आणि लोकांच्या तोंडी रुळलेला तो रूढार्थ. दोघांत विरोध आला तर रूढार्थ बलवान, असा दंडक जुन्या शास्त्रकारांनी घालून दिला. कोशातली नोंद एखाद्या शब्दाचा अर्थ कुठवर ताणता येतो हे दाखवते. बोलणाऱ्याने या वाक्यात तो किती ताणला आहे, हे ती सांगू शकत नाही.

'यूज' हा शब्द तर मुळातच गुंतागुंतीचा आहे. त्याचा मुख्य प्रवाह लॅटिन 'उसुस' या शब्दातून फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. मध्ययुगीन चर्चमध्ये उपासनेच्या स्थानिक पद्धतीलाही 'यूज' म्हणत. सॉल्झबरीची उपासनापद्धती 'सारम यूज' या नावानेच ओळखली जाते. 'यूज्ड टू' म्हटले की कधी जुनी सवय, कधी अंगवळणी पडलेली गोष्ट. नामात शेवटचा उच्चार 'स' आणि क्रियापदात 'झ', इतका फरक या एवढ्याशा शब्दात आहे. इंग्रजी जमीन-कायद्यातला 'यूज' तर याहून चकवा देणारा. एकाच्या नावावरची जमीन दुसऱ्याच्या हितासाठी सांभाळायची, या व्यवस्थेला तिथे 'यूज' म्हणत आणि तिला आवर घालण्यासाठी आठव्या हेन्रीच्या राज्यात १५३६ साली खास कायदा झाला. इथला 'यूज' हा 'उसुस'चा वंशज नसून 'च्यासाठी, च्या लाभाकरिता' या अर्थाने येणाऱ्या 'ओपुस' या लॅटिन शब्दाचा वंशज आहे, हे कायद्याचे इतिहासकार मेटलंड यांनी दाखवून दिले. दोन वेगळ्या घराण्यांतले शब्द एकाच स्पेलिंगखाली नांदत राहिले. अशा शब्दाचा कोशातला सर्वांत रुंद अर्थ उचलून एखाद्याच्या आयुष्यातली तीस वर्षे त्यावर ठरवणे अन्यायाचे आहे.

पुढे काय झाले ते पाहिले म्हणजे या रुंदीचा त्रास खुद्द न्यायालयालाच कसा झाला ते कळते. १९९५ च्या बेली खटल्यात एका आरोपीची बंदूक गाडीच्या कुलूपबंद डिकीत सापडली होती, तर सोबत चाललेल्या दुसऱ्या खटल्यात ती कपाटातल्या कुलूपबंद ट्रंकेत होती. खालच्या न्यायालयाने दोघांनीही बंदूक 'वापरली' असे ठरवले होते. आता सर्वोच्च न्यायालय एकमताने म्हणाले की नुसती जवळ असणे म्हणजे वापर नव्हे, बंदूक प्रत्यक्ष कामी यायला हवी. हेही निकालपत्र ओकॉनर यांचेच. मात्र अदलाबदलीत दिलेली बंदूक 'वापरली'च, हे मत त्यांनी कायम ठेवले. १९९८ साली अमेरिकी काँग्रेसने कायद्यात दुरुस्ती करून गुन्हा पुढे नेण्यासाठी बंदूक बाळगणे हाही वेगळा गुन्हा केला. जे म्हणायचे होते ते अखेर साध्या शब्दांत लिहिले गेले, आणि हे काम मुळात कायदेमंडळाचेच होते.

त्याच वर्षी याच कायद्यातल्या 'कॅरी' या शब्दावरही न्यायालयात पाच विरुद्ध चार अशी फूट पडली. गाडीत ठेवलेली बंदूक 'सोबत नेली' म्हणायची का, हा प्रश्न होता. बहुमताने होकार देताना बायबलपासून वर्तमानपत्रांच्या संगणकीय संग्रहापर्यंत उदाहरणे धुंडाळली. भिन्नमताच्या न्यायमूर्तींनीही साहित्यातूनच उलटी उदाहरणे काढून दाखवली. इतक्या विद्वान माणसांना रोजच्या शब्दावर एकमत करता येत नसेल, तर सामान्य माणसाने तो कायदा वाचून आपले वर्तन कसे ठरवायचे? संशयाचा फायदा आरोपीला, हे तत्त्व पुराव्यापुरते नसते. कायद्याच्या भाषेतल्या संशयालाही ते लागू पडायला हवे.

आपल्याकडे बाळगणे आणि वापरणे यांतला फरक सामान्य वाचकालाही ठाऊक आहे. 'गावठी कट्टा बाळगल्याप्रकरणी एकास अटक' ही बातमी आणि कट्ट्याचा वापर झाल्याची बातमी यांतले अंतर कोणाला समजावून सांगावे लागत नाही. १९५९ च्या शस्त्र अधिनियमानेही ते पाळले आहे. बेकायदा शस्त्र बाळगण्याची शिक्षा कलम २५ मध्ये, शस्त्र वापरण्याची कलम २७ मध्ये. 'बाळगणे' हा शब्दही वाटतो तितका सोपा नाही. मुंबई बॉम्बस्फोट खटल्याच्या ओघात संजय दत्त यांच्या प्रकरणात १९९४ साली घटनापीठाला त्याचा अर्थ लावावा लागला, आणि शस्त्र जवळ आहे याची जाणीव असल्याशिवाय ते बाळगले असे होत नाही, असे पीठाने सांगितले. कलम २७ च्या तिसऱ्या पोटकलमात तर निषिद्ध शस्त्राच्या वापराने मृत्यू ओढवल्यास फाशीखेरीज दुसरी शिक्षाच नव्हती. परिस्थिती तोलायला न्यायाधीशाला जागा न ठेवणारी ही तरतूद सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये घटनाबाह्य ठरवली.

कायद्यातल्या शब्दांच्या या प्रश्नाचा महाराष्ट्राशी आणखी थेट संबंध आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३४८ प्रमाणे, संसदेने वेगळी तरतूद करेपर्यंत, उच्च न्यायालयांत आणि सर्वोच्च न्यायालयात कायद्यांचा अधिकृत पाठ इंग्रजीच धरला जातो. विधानमंडळाने मराठीत केलेल्या कायद्याचाही इंग्रजी अनुवाद अधिकृत पाठ म्हणून प्रसिद्ध करावा लागतो. म्हणजे मराठी माणसावरच्या खटल्यातही शेवटचा वाद इंग्रजी शब्दावर होऊ शकतो. म्हणून मराठी मसुदा लिहिणाऱ्याने आणि त्याचा इंग्रजी अनुवाद करणाऱ्याने एकत्र बसायला हवे. जिथे बाळगणे म्हणायचे तिथे बाळगणे, जिथे रोखणे तिथे रोखणे, जिथे विनिमयात देणे तिथे तसेच, असे दोन्ही भाषांत स्पष्ट लिहावे. एका ऐसपैस क्रियापदात सगळे कोंबण्याचा मोह दोघांनीही टाळावा.

अमेरिकेत ही कहाणी २००७ साली एका विचित्र ठिकाणी येऊन थांबली. वॉटसन नावाच्या माणसाने ऑक्सिकॉन्टिन या अंमली औषधाच्या २४ गोळ्या देऊन बंदूक घेतली होती. न्यायालयाने निर्णय दिला की बंदूक घेणाऱ्याने ती 'वापरली' असे म्हणता येत नाही. सफरचंद देऊन खाऊ घेणाऱ्या मुलाने सफरचंद वापरले असे म्हणू, खाऊ वापरला असे कोणी म्हणणार नाही, असे न्यायमूर्ती डेव्हिड सूटर यांनी लिहिले. हेच सूटर १९९३ मध्ये स्कालियांच्या बाजूने होते. न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी तर स्मिथचा निकालच रद्द करावा, असे वेगळ्या मतात नोंदवले. तो रद्द झाला नाही. एकाच सौद्यात बंदूक देणारा ती 'वापरतो' आणि घेणारा 'वापरत नाही', असे सांगणारे हे दोन निकाल त्या दिवसापासून शेजारी शेजारी उभे राहिले.