मास्कआडचा शब्द

कोरोनाच्या साथीत, २०२० साली, मास्क आपल्या घराघरांत आला. २ एप्रिल २०२२ पासून महाराष्ट्रात त्याची सक्ती उठली. तरीही इस्पितळात, क्षयरुग्णाच्या खोलीत, आजारी माणसाच्या उशाशी आपण आजही मास्क लावतो, आणि तो लावायलाच हवा.

आमच्या आजी आजारी होत्या. आम्ही मास्क लावून त्यांना सांगितले, "साठ दिवस मीठ कमी." त्यांनी मान डोलावली. नवव्या दिवशी त्यांनी लोणचे मागितले आणि आम्ही रागावलो. नंतर कळले, त्यांना 'आठ' ऐकू आले होते. पुन्हा का विचारले नाही? "दोनदा विचारलं होतं. तिसऱ्यांदा विचारायची लाज वाटली," त्या म्हणाल्या.

चूक कोणाची?

मास्क उंच पट्टीचे ध्वनी अडवतो. स, श, फ यांसारख्या व्यंजनांची ओळख अशाच ध्वनींमुळे पटते. साध्या मास्कपेक्षा एन-९५ ते अधिक अडवतो. वाढत्या वयात कानही आधी हेच ध्वनी गमावतो. म्हणजे वृद्धांचे नुकसान दुहेरी. शिवाय आपण केवळ कानांनी ऐकत नाही. मॅगर्क आणि मॅकडोनल्ड या संशोधकांनी १९७६ मध्ये दाखवून दिले की, कानावर 'बा' पडत असताना ओठ 'गा' म्हणताना दिसले, तर पुष्कळांना 'दा' ऐकू येते. कमी ऐकू येणाऱ्यांना तर ओठांचा मोठाच आधार असतो. मास्क तोही काढून घेतो.

मग आपण ओरडतो. ओरडण्याने स्वर मोठे होतात, व्यंजने तेवढी स्पष्ट होत नाहीत. समोरच्याला शब्द कळत नाही, राग मात्र कळतो.

आजींना जपण्यासाठी आम्ही मास्क लावला, ते प्रेमच होते. पण त्यांना समजले की नाही, हे पाहायला आम्ही थांबलो नाही. शब्द तोंडातून निघाला की आपले कर्तव्य संपते का? आम्हांला वाटते, नाही. तो पोहोचेपर्यंत जबाबदारी बोलणाऱ्याची. ज्याला ऐकू येत नाही, त्याच्यावर लाजेचे ओझे का टाकावे?

मार्कच्या शुभवर्तमानात प्रभू येशू बहिऱ्या माणसाला गर्दीतून बाजूला नेतो, त्याच्या कानांना आणि जिभेला स्पर्श करतो. आधी त्याच्या जवळ जातो, मग बोलतो.

आपल्याला चमत्कार करता येणार नाही. पण समोर उजेडात बसता येईल. सावकाश, लहान वाक्यांत बोलता येईल. कळले नाही तर तेच वाक्य वेगळ्या शब्दांत सांगता येईल. औषधाचे आकडे मोठ्या अक्षरांत लिहून देता येतील. आणि "कळलं ना?" असे विचारण्याऐवजी, "मी काय सांगितलं, सांगा बघू," असे प्रेमाने म्हणता येईल.

या आठवड्यात आजाऱ्याला भेटायला जाताना मास्क जरूर न्यावा. सोबत एक कागद, एक पेन आणि थोडा जास्तीचा वेळही न्यावा.